अनूचा केक आन् बांधापलीकडची मोटर

९ जाने., शुक्रवार
न्हाय, मला त्या पेटीचा राग न्हाय. कुणी इचारलं न्हाय, तरी लिवून ठिवते. लेकानं, दत्तानं, बारामतीहून आणली तवा मी एवढंच म्हनले, घरात चूल हाय, गॅस हाय, कुकर हाय, आता ही काचंच्या दाराची कशाला. ओव्हन म्हनायचं म्हणे. बरं.
अठराला अनू पाच वर्सांची होनार. गेल्या साली दुकानातल्या केकनं पोरगी रातभर ओकली. म्हनून राणीनं, म्हंजे सुनंनं, तिला शब्द दिलाय, यंदा केक घरात आन् तुज्यासमोर. पोरीनं ते "समोर" धरून ठिवलंय. काचंतनं फुगताना बघनार. चार वस्त्यांवर सांगून आली.
दत्ताला मी पातेल्यात वाळू घालून केक केलेला. खाल्ला. मोठा झाला. कवा काय झालं न्हाय.

१० जाने., शनि.
पेटी आधी रिकामीच तापवायची. रिकामं पातेलं चुलीवर ठिवलं असतं तर आईनं माज्या पाठीत धपाटा घातला असता. मग कागद कापायचा, त्याला तूप लावायचं, मैदा तीनदा चाळायचा, आन् चार चमचे चार मापाचे. लगीन हाय का केक.
दोनला आत घातला. मोबाइलातली बाई चाळीस मिंटं म्हनली हुती. साडेतीन झाले तरी वरनं पांढरा, आतनं लापशी. अनू काचंसमोर पाट मांडून बसली ती तितंच झोपली.
राणी म्हनली दही आंबट हुतं. मी काय बोलले न्हाय.
बोलले. म्हशीला घाल म्हनले. म्हशीनं खाल्ला.

१२ जाने., सोम.
दही नवं, सोडा नवा. मोबाइलातल्या बाईचा केक दोन मिंटात फुगतो, आमचा दोन तासात बसतो. दत्ता पेटी घेऊन दुकानात गेला. तितं लावली तर झ्याक तापली. म्हंजे पेटी चांगली, वाईट आमचं घर.
घरी आल्यावर परत तिसऱ्या पारी लावली, परत तेच.
मी म्हनले, उगं सामान वाया. राणी भांडी घासत हुती, तिकडंच तोंड ठिवून म्हनली, "आत्या, तुमाला हेच पायजे हुतं."
सहा वर्सांत पयल्यांदा उलटून बोलली. रागानं न्हाय, हळू. जेवण गेलं न्हाय.

१४ जाने., बुध.
संक्रांत. समद्या वस्त्यांवर तिळगूळ गेला. ब. कडं न्हाय. त्यांचाबी आला न्हाय. तिसरं वरीस.
ब. म्हंजे माजा धाकटा दीर. नाव लिवनार न्हाय. मालक गेल्यावर वर्साच्या आत बांधावरची चिंच तोडली त्यानं. उसावर सावली पडती म्हनून. मालकांनी लावलेली. इचारलंबी न्हाय. इचारलं असतं तर कदाचित मीच
जाऊ दे. राणीला म्हनले, अजून एकदा करून बघ, मी बसते म्होरं.

१५ जाने., गुरु.
सापडलं!
पेटीत एक बारका दिवा हाय. अनूच्या शेजारी बसून तेवढाच बघत हुते, करायचं काय दुसरं. दिवा निरांजनावानी पिवळा. वर बघितलं तर पंख्याची पाती मोजता येत्यात. आन् भायेर मोटरींचा घूं घूं.
आमच्या डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर, पान्याच्या सात मोटरी. या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट दिवसा, साडेनऊला येती. आली की समद्या ऑटोवर एकदम चालू. घरातलं होल्टेज बसतं. पेटी तापंलच कशी. आन् ही बया रोज दुपारी केक घालती, आन् मीबी दही, सोडा, हिच्या हाताची चव, समदं काढत बसले. तीस वर्सं हितं राह्यले, मोटरी ऐकत.
दत्ता म्हनला, माज्या कसं ध्यानात आलं न्हाय. म्हनलं तू बल्बाकडं न्हाय, मोबाइलाकडं बघतोस.
ठरलं. रविवारी पाटं पाचला घालायचा, मोटरी उठायच्या आत. राणी हासली. चहा तिनं आज न मागता दिला.

१८ जाने., रवि.
पाचला उठलो तर लाईटच न्हाय. डीपीवरचा फ्यूज जळला. वायरमनला फोन, येतो म्हनला. पावणेबाराला आला. लाईट आली आन् तिच्यामागं लगेच साती मोटरी.
माणसं पाचला येनार.
मी वाळूचं पातेलं काढलं. राणी म्हनली, "करा आत्या. तुमचाच चांगला हुतो." भांडली असती तर बरं वाटलं असतं. माज्याच मनासारखं झालं हुतं, आन् पातेलं जड लागत हुतं. अनू नवा फ्रॉक घालून काचंम्होरं पाटावर. आजी, फुगायला कवा लागनार.
दत्तानं आमची मोटर बंद केली. काय फरक न्हाय. सगळ्यात मोठी ब. ची, आन् बाकीचे त्याचं ऐकत्यात. दत्ता फोन करायला भ्याला.
मीच गेले. चिंचंच्या खोडापाशी पाय थांबले हुते, पण गेले. ब. उसात पान्याची दारं धरत हुता. केस पांढरे झाल्यात.
म्हनलं, "मोटर तासभर बंद कर."
"का?"
"अनूचा केक फुगंना."
खोरं टेकलं त्यानं. मग म्हनला, "वैनी, तीन वर्सांनी आला ते ह्यासाठी?"
"व्हय."
तो वाकून परत दारं धरायला लागला. मी फिरले. अंगणात पाय ठिवला आन् त्याची मोटर थांबली. मग पलीकडची. मग वरल्या वस्तीवरची. मोजत हुते. आमची धरून साती. वस्ती अशी गप झाली की कोंबडीनं माती उकरलेली ऐकू येत हुती.
पातेलं फळीवर ठिवलं. पंखा सणसण. राणीनं केक आत घातला. वीस मिंटांनी अनू वरडली, आजी, पोट वर आलं त्याचं. मीबी पाटावर बसले. काचंतनं बघितलं. हळूच येतो वर.
काढला तरी मोटरी बंदच. त्याला कसं कळनार. अनूला बांधावर उभं केलं. "आजोबाऽ फुगलाऽ." लगेच घूं घूं.
पोरांनी केक चाटूनपुसून खाल्ला. ब. ला बोलवायचं राह्यलं. राह्यलं म्हंजे
सांजचं राणीनं स्टीलच्या डब्यात मोठा तुकडा घातला, माज्याकडं बघितलं. मी म्हनले, दत्ता, देऊन ये.

२० जाने., मंगळ.
डबा अजून आला न्हाय. आमच्यात रिकामा डबा परत धाडत न्हायत, आत काय घालायचं ठरत नसंल. कमलजाऊ, त्याची बायको, माहेरी वरकुट्याला गेलीय म्हणे, म्हंजे एकटाच हाय. राणी म्हनली मी जाऊन आणू का. म्हनलं, कशाला, डबं लई हायत घरात.

२१ जाने., बुध.
सकाळी बापू बांधावर हुता. नाव लिवलं, लिवलं. चिंचंच्या खोडावर बसला हुता, हातात कायतरी चमकत हुतं. डबा का खोरं, कळलं न्हाय, चष्मा घरात हुता. राणीनं चहा टाकला, इचारलं, एक कप वाढवू का.
मी काय म्हनले ते लिवनार न्हाय.