पाकिटावरचा नंबर

कळंब,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

खोक्यात तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी येसर मसाल्याची चाळीस पाकिटं हायती, त्यातच ही चिठ्ठी. हसू नकोस, फोन हाय माझ्याकडं. पण कानाला लावला की माझी दातखीळ बसती, तुला ठाऊकच हाय. म्हणून तर पाकिटावर तुझा नंबर टाकला. गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याच्यानं व्हणार न्हाय.

दोन वरसं झाली, धंदा हाय तितंच हाय. ज्वारी-हरभरा भाजून हाताची सालं गेली, अंगात त्राण ऱ्हायलं न्हाय. सासूबाई म्हणत्यात, एवढा कुटाणा करून तीच चार गिऱ्हाइकं, बंद कर की. मलाबी वाटायला लागलंय, माझ्या मसाल्यातच कायतरी खोट असंल. शिमग्यापतुर बंदच करावं म्हणते. तुझं काय मत?

वहिनीस नमस्कार. बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संजीवनी


बारामती,
ता. ७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संजीवनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. येसरात खोट नाही गं. खोट माझ्यात आहे. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितो.

फोन पुष्कळ येतात. कुणी विचारतं, आमटीत येसर पाण्यात कालवून घालायचं की कोरडंच? मी आपलं काहीतरी ठोकून देतो. करणाऱ्या बाईंशी बोलायचंय म्हणणारेही होते. पुण्याच्या राजलक्ष्मीताईंनी तर तीनदा विचारलं, त्यांची सहा दुकानं आहेत. सगळ्यांना मी सांगितलं, मालक मीच. मग कालवायचं कसं हेही मला सांगता येईना, तेव्हा लोक गप फोन ठेवायचे. कंपनीत दिवसभर कालची पोरं मला अरे-तुरे करतात. फोनवर लोक साहेब म्हणायचे. बरं वाटायचं. संजू घाबरेल, असं सांगून मी स्वतःची समजूत घातली. तुला एका शब्दानं विचारलं नाही.

ताईंचा परवा पुन्हा फोन आला. करणारी पंधरा तारखेपर्यंत स्वतः बोलली तर माल घेणार, नाहीतर दुसरीकडून. त्यांचा नंबर वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवला आहे. या सोंगाला मी थकलो बघ.

हवं तेवढं भांड, पण परका समजू नकोस.

तुझा,
ज्ञानेश


कळंब,
ता. १८ फेब्रुवारी २०२५

दादास संजीवनीचा नमस्कार.

तू परत धाडलेल्या रिकाम्या खोक्यातनं तुझं पत्र आलं. वाचून लई राग आला. भ्या मला वाटत हुतं, खरं हाय. पण माझ्या वतीनं न्हाय म्हणायला तुला कुणी सांगितलं हुतं? दोन वरसं मी सवतालाच नावं ठेवली, आन् तू तितं साहेब होऊन बसलास!

चौदाला फोन लावला, रिंग गेली तशी कापला. पंधराला तसंच. सोळाला ताईंनी उचलला. माझा आवाजच फुटंना. त्या म्हणाल्या, सावकाश बोला. मग म्हणलं, येसर मी करते, आन् रडूच आलं. माल त्यांनी आदल्या दिवशीच दुसरीकडं सांगितला हुता. तरी पाऊण घंटा बोलल्या. डाळ किती भाजते, धणं कुठनं आणते, समदं विचारलं. मी समदं सांगितलं, दादा. एकदाबी अडले न्हाय.

गिऱ्हाईक गेलं ते गेलं. धंदा मी बंद करत न्हाय. नवी पाकिटं छापायला दिलीत, त्यावर माझा नंबर हाय. तुझा काढला.

राग अजून गेला न्हाय. पण आता चिठ्ठी लिहू नकोस, फोन कर. लगीच ठेवू नकोस, उचलायला मला अजून येळ लागतो.

संजीवनी