पहारेकऱ्यांना विचारणारा माणूस

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे या पत्राचा सगळा ताप नातीला. मी सांगते, ती लिहिते. इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढते. "दादी, हे नको ना लिहायला लावू," म्हणते. लिही गं, पणजोबांना कळू दे.

सौदीतल्या कतीफच्या आमच्या खोलीतला तो शुक्रवार अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही रस्त्यापलीकडच्या कॅम्पात सुतार, आणि तुमचा जावई त्याच कंत्राटदाराची बस चालवतो. जुम्म्याची नमाज झाल्यावर रत्नागिरीकडची सगळी माणसं आमच्या अंगणात जमलीत. मी पडद्याआड सुरमई तळते आहे. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, ऑफिसात अडकलेला म्हणून एका प्लंबरला कॅम्पाच्या पहारेकऱ्यांनी दोन दिवस कोंडून ठेवलेलं, आणि त्याच आठवड्यात गॅसचे सिलिंडर चोरीला गेले तेव्हा पहारेकऱ्यांचा पत्ता नाही. दर आठवड्याला कुणीतरी जाऊन त्यांना विचारावं, कुणाला धरलंत, का धरलंत, असं सगळ्यांचं म्हणणं. "पण विचारणार कोण?" "आपण निवडू तो." सगळे तुमच्याकडे बघतात. "मला अरबी कुठे येते?" तुम्ही म्हणता. "भांडता येतं ना? मग झालं!" हात वर होतात. पडद्याला टेकून उभ्या असलेल्या तुमच्या जावयाचा मात्र होत नाही. "काय जावईबुवा, हात दुखतो?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग दर गुरुवारी तुम्ही पहारेकऱ्यांच्या मुख्यासमोर जाऊन बसायचात. लिहिणं नाही, म्हणून जाळ्याच्या दोऱ्याला गाठी. कोंडलं तर एक गाठ, हात उगारला तर दुहेरी. उत्तर मिळेपर्यंत गाठ सोडायची नाही. पहिले दोन गुरुवार तो मुख्य ओरडला. नंतर स्वतःच चहा मागवायला लागला. "यल्ला मिस्त्री, आज किती?" पुढे फाटकावर त्यांचे दोन आणि आपले दोन अशी माणसं उभी राहायला लागली. चोऱ्या थांबल्या, कोंडणं थांबलं. माझा ऊर भरून यायचा, पण तोंडाने मी एवढंच म्हणायचे, तो दोरा धुवा, वास मारतो.

वरच्या ऑफिसात कळलं की कामगारांनी हात वर करून माणूस निवडला, आणि तिथे कामगारांना तशी बंदी. तो माणूस काय करतो, ते कुणी विचारलं नाही. "खलास," क्लार्क म्हणाला. आठ दिवसांत तुमचं विमान. त्या दिवशी तो मुख्य खजुराचा डबा घेऊन आला. तुम्ही सगळ्यांना मिठी मारलीत, जावयाला लांबूनच सलाम केलात, आणि मला म्हणालात, "पोरी, भित्र्याच्या घरी दिली मी तुला." आम्हाला सुट्टी मिळून गावी पोचेपर्यंत तुमच्या कबरीवर गवत आलं होतं.

ते भित्रे नव्हते, बाबा. त्यांचा हात खांद्यापर्यंत आला होता. पडद्याआडून मी मनगट धरलं, हळदीच्या हातानेच, आणि खाली ओढलं. पोटात या पोरीचा बाप होता. वडलांना काढलं आणि नवऱ्यालाही काढलं तर मी कुठे जायचं, एवढाच विचार. बाहीला पिवळे डाग पडले होते. तुम्ही बघितले असते तर कळलं असतं, पण तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतात. ते जन्मभर गप्प राहिले. गेल्या वर्षी गेले, तेही तसेच गप्प.

नात विचारते, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" सांगितलं होतं गं. तेव्हा आमची पत्रं कॅसेटवर जायची, मी टेपसमोर बसून बोलायचे. एकदा हे सगळं बोलले. रडलेसुद्धा. मग कॅसेट मागे फिरवली आणि त्याच्यावरच बाळाला दात कसे आले ते भरलं. गावात तुम्ही मला धीराची म्हणायचात. ते नाव मला सोडवेना.