काठावर पास

मंगळवार, दिवेलागण. वडीगोद्री.

पस्तीस. दुपारपासून हाच आकडा डोक्यात फिरून राह्यला.

जालन्याला हृदयाची सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "काका, हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के आहे." मला हायसं वाटलं. म्हणलं, "म्हणजे काठावर पास की." त्या हसल्या न्हाईत. "दहावीचा पेपर नाही हा. साठच्या आसपास पाहिजे. गोळ्या घ्या, वाढू शकतं." वाढू शकतं म्हणल्या, वाढंलच असं म्हणल्या न्हाईत. मी पुढं का विचारलं न्हाई? भ्यालो, दुसरं काय.

बायको, सुमन, बाहेर बाकड्यावर बसल्ती. काय म्हणल्या विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, "शंभरात पस्तीस पडले. पास." तिनं हात जोडले. बसमधून लेकीला फोन लावला, तुझे पप्पा पास झाले म्हणून. मी खिडकीतून ऊस बघत बसलो. छातीवर हात ठेवावा वाटलं, पण ती बघंल म्हणून ठेवला न्हाई.

आता लिहितानाबी कान छातीकडंच. मधीच एक ठोका चुकला. का मलाच तसं वाटलं?

मघाशी म्हशीला पाणी पाजायला बादली उचलली, तर सुमन चुलीपासून उठून आली अन् हातातून काढून घेतली. आजपर्यंत कधी घेतली न्हाई. म्हणलं, "अगं, पास झालोय की मी."

"हो," ती म्हणाली, "शंभरात पस्तीस." अन् बादली घेऊन गोठ्याकडं गेली.