ब्रूसार ओमाहाला येणारच

१२ जून
ठरलं. जवान्ते ब्रूसारचा करार संपतोय. एवढा मोठा बास्केटबॉल स्टार मोकळा होतोय, आणि तो ओमाहालाच येणार. मी टीमचा जनरल मॅनेजर आहे, मला कळतं. छोट्या शहरात स्टार येत नाहीत ही जुनी रड. इंटरनेटच्या जमान्यात शहर केवढं आहे हे बघतो कोण? मालकीणबाई मिसेस क्विगली म्हणाल्या, लेलँड, या उन्हाळ्यात स्टार आला नाही तर टीम इथून दुसऱ्या शहरात हलवीन. गंमत करतात.

१९ जून
सॅन डिएगोची सुटातली माणसं स्टेडियम बघून गेली. आपल्याकडून शिकायला लोक कुठून कुठून येतात! बायको जोलीन म्हणाली, बाबा रे, दुसरी नोकरी बघ. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

३० जून, संध्याकाळ
करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी खुली झाली. ब्रूसारचा एजंट म्हणाला, न्यूयॉर्क, मायामी झालं की बघू, विमानात इंधन भरायला कुठंतरी उतरावंच लागतं. म्हणजे येतोय!

२ जुलै
विमानतळावर मेयर, शाळेचा बँड, चर्चच्या बायका, झाडून सगळे. ब्रूसारनं विचारलं, बाकीचं शहर कुठंय? म्हटलं, हेच. वळून परत विमानाकडं बघायला लागला. भारावला असणार.
जेवायला आपल्या पद्धतीनं चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, सोबत दालचिनीचा गोड रोल. त्याला वाटलं रोल दुसऱ्या टेबलाचा चुकून आला. म्हटलं, अरे बुडवून खा! तेवढ्यात वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. सगळे तळघरात. आता पळून जाणार कुठं? तासभर मीच बोललो. न्यूयॉर्कवाल्यांना असली संधी मिळते का?

४ जुलै
ऑफिसातले टीमचे फोटो कुणीतरी उतरवलेत. भिंतीवर नुसते चौकोन. रंगकाम असेल. शिपाई माझ्या नजरेला नजर देत नाही. पगारवाढ हवी असेल.

६ जुलै
ब्रूसारनं करार केला! आपल्या टीमशी! मी ढसाढसा रडलो. जोलीनला फोन करून म्हटलं, बघ, कोण म्हणत होतं दुसरी नोकरी बघ?

दुपारी
मालकीणबाईंचा फोन. म्हणाल्या, शाब्बास, लेलँड. ब्रूसारची एकच अट होती, टीम सॅन डिएगोला गेली तर खेळीन. तो येतोय म्हटल्यावर तिकडची ती सुटातली मंडळीही टीम न्यायला तयार झाली.
विचारलं, मी कधी निघू? म्हणाल्या, छे, तू कशाला? तू इथला माणूस.
खाली रस्त्यावर लोक ब्रूसारच्या नावानं नाचतायत. त्यांना तेवढं तूच सांग, म्हणाल्या.