आपल्या आळीतली क्रुसाची वाट

उत्तन,
सोमवार

प्रिय लुर्दिन,

चार घरं टाकून राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहितेय म्हटल्यावर आमची सूनबाई हसली. ‘आई, इथून हाक मारली तर मावशीच्या घरातलं मांजर पण उठून येईल, नि तुम्ही पत्र लिहिताय?’ असं नीलिमा म्हणाली. तिला म्हटलं, हाक मारायला तोंड लागतं गो, नि माझ्याकडे तेच तर दोन वर्षं नाही. समोर आले तर तू चहाचं आधण ठेवायला उठशील, मी पावसापाण्याचं बोलेन, नि आहे तसंच राहील. कागद बरा. कागद उठून आत जात नाही.

नीलिमाच्या इशिताची वही नि तिचंच पेन घेतलंय. हसू नकोस, अक्षर बघून. मी चौथीतून टोपली डोक्यावर घेतली, तू सातवीपर्यंत गेलीस. प्रार्थनेची पत्रकं वाचून वाचून मी माझी वाचायला शिकले, पण जोडाक्षरं तू शिकवलीस, चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून. आज अख्ख्या आळीपुढे उभी राहून मी वाचन करते, त्यात अर्धा वाटा तुझा आहे. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

ईस्टरला आता तीन आठवडे राहिले. माझी एकच मागणी आहे देवाकडे. तू ते देवळाच्या मागच्या दाराजवळचं बाक सोडून माझ्या शेजारी येऊन बसावंस, नि आपण दोघींनी एका रांगेतून जाऊन कम्युनियनचा प्रसाद घ्यावा, आई असताना जायचो तसं. दोन वर्षं तू बसल्या जागेवरून उठली नाहीस. सगळी रांग जाऊन येते, तू गुडघ्यावर तशीच. मी पुढून परत येताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते.

बाकी इकडचं म्हणशील तर तुला दिसतंच आहे. वलांड्यांच्या बांबूंवर बोंबील सुकतायत, पण अर्ध्या वलांड्या मोकळ्या. आमच्या बोटीने गेल्या आठवड्यात जेवढी मासळी आणली तेवढ्यात डिझेलही सुटलं नाही. खलाशांना उचल देऊन बसलोय, ते बसून जेवतायत. ज्याच्या त्याच्या घरात एक तरी कागद पतपेढीचा आहे. तुझा जितेश सकाळी वरसाव्याच्या गोदामात कामाला जातो, तेव्हा बसच्या थांब्यावर दिसतो. बोट विकल्यापासून पोरगा वाळलाय. पण मला बघितलं की ‘मावशी’ म्हणतो, नि मान खाली घालतो. मान त्याने घालायची नाही, गो. तेच सांगायला बसलेय, पण एकदम तिथे येत नाही माझ्याच्याने. जरा वळसा घेऊन येऊ दे.

आईच्या पाटल्यांवरून सुरू करते. तू मागितल्या नव्हत्यास. हे आळीत कोणाला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. जितेशच्या बोटीचं इंजीन बसलं, त्याआधीचे दोन हंगाम जाळी रिकामी आली होती, नि इनासभावजींना जाऊन वर्ष नव्हतं झालं. तू माझ्याकडे जवळा निवडायला बसली होतीस नि निवडता निवडता रडत होतीस, आवाज न करता. मीच उठले. पाटल्या काढल्या, साबण लावून काढाव्या लागल्या, नि तुझ्या पदरात टाकल्या. ‘ठेव तारण, इंजीन चाललं की सोडव,’ म्हटलं. तू नको नको म्हणत होतीस. त्या दिवशी मला काय वाटलं सांगू? मी फार मोठी झाले असं वाटलं. देवळात आल्तारासमोरून जाताना देवाने उठून मला खुर्ची द्यावी, एवढी मोठी.

मग इंजीन दुरुस्त झालं, पण मासळी काय कोणाच्या इंजिनाकडे बघून येत नाही. व्याज चढलं. पतपेढीची नोटीस आली नि पाटल्या लिलावात गेल्या. त्याआधी एक दुपार आहे. तिच्यावर मी येणार आहे, सोडणार नाही. पण लिलावानंतर मी काय केलं ते आधी ऐक, जरी तुला ते माहीत आहे. मी वलांड्यांखाली बसून बायकांना सांगितलं की लुर्दिनने मला विचारलं नाही, कळवलं नाही, परस्पर आईचं सोनं जाऊ दिलं. एकदा नाही सांगितलं. बोंबील सुकेपर्यंत सांगितलं. कोण म्हणालं, सख्खी बहीण असून असं? मी पदराने डोळे पुसले. खरं पाणी होतं डोळ्यांत, ते खोटं नव्हतं. पण मी ते पाणी बाजारात मांडलं.

त्यानंतर तुझ्या दारात बाकी कर्जाच्या वसुलीची माणसं मोटारसायकलवर यायला लागली, नि तू दिवसाही कडी लावायला लागलीस. आणि कम्युनियन सोडलंस. तुला वाटत असेल, ज्याचं देणं राहिलंय त्याने कुठल्या तोंडाने पुढे जायचं. आपल्या आईने लहानपणी असंच काहीतरी डोक्यात भरवलं होतं, उसनी वाटीभर साखरसुद्धा शनिवारी परत करून मग रविवारी मिस्साला जायची. पण तसं काही नाही गो. मी फादरांना विचारलं. ज्याच्याकडे द्यायला नाही नि द्यायची इच्छा आहे, त्याला देव दाराबाहेर ठेवत नाही. हे मी तुला दोन वर्षांपूर्वी विचारून सांगू शकले असते. नाही सांगितलं. कारण तू मागे बसलेली असलीस की मला पुढे बसायला बरं वाटायचं.

अजून एक. उपासकाळात दर शुक्रवारी आळीतून क्रुसाची वाट निघते, येशूच्या मरणवाटेची चौदा स्थानं दारोदार म्हणत; तिची यादी मी करते, कुठलं स्थान कोणाच्या दारात ते. सहावं स्थान, ती बाई येशूचं तोंड पुसते ते, तुझ्या सासूपासून तुझ्या घरचं. पांढरा कपडा घातलेलं ते स्टूल, दोन मेणबत्त्या, शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. गेल्या वर्षी मी तुझं नाव काढून शेजारचं घातलं, नि बायकांना म्हटलं, तिची ओढाताण चाललीय, उगाच भार कशाला. सगळ्या म्हणाल्या, बेनेदिताचं मन मोठं. तुला विचारायला कोणीच आलं नाही, मी तर नाहीच.

या वर्षीचा उपासकाळ आला. तुला माहीत आहे, शुक्रवारी मटण सोडणं म्हणजे आपल्या कोळ्यांना काय उपास, मासे खायला मोकळे. म्हणून मी आईसारखी मासळीच सोडली, चाळीसही दिवस. नुसता डाळभात. नि तेही चारचौघींना कळेल असं. उपासकाळाच्या साधनेला बाहेरून आलेल्या फादरांनी विचारलं, काय काय सोडलंत? कोणी म्हणाली चहा, कोणी म्हणाली मालिका. मी म्हटलं, मासळी. मला वाटलं आता माझं कौतुक होणार. फादर म्हणाले, छान, आता ज्या घरावरून जाताना मान फिरवता, त्या घरी एकदा जाऊन या. मला असा राग आला! नवा माणूस, याला काय माहीत आमच्या आळीतलं, असं पुटपुटत घरी आले.

नि कमळाबाई, ती भाईंदर गावातली, सुकी मासळी घ्यायला तीस वर्षं येते नि आपल्या दोघींकडे जेवते, तिने गेल्या महिन्यात भाव करता करता सुनावलं. ‘अगो बेने, चाळीस दिवस उपास करता नि पाठच्या बहिणीशी बोलत न्हाय. मग देवाला नेऊन दाखवता तरी काय, हे बोंबील?’ मी तिला भाव वाढवून सांगितला.

मग गेला शुक्रवार. तुझ्या शेजारच्या दारात सहावं स्थान होतं. तुझं दार बंद, नेहमीसारखं. मी पुस्तक धरून वाचत होते, लोक उत्तर देत होते. नि लोकांच्या आवाजात मला एक आवाज मागून, लाकडाच्या पलीकडून यायला लागला. तू आत दाराला लागून उभी होतीस. सगळं उत्तर, एक शब्द न सोडता, आईच्या चालीत, शेवटचा शब्द जरा ओढून. माझी ओळ हरवली. पुढच्या बायका मागे वळून बघायला लागल्या. मी चष्मा पुसायचं सोंग केलं. मला वाटत होतं तू देवाला सोडलंस. तू तर बंद दारातून माझ्यामागोमाग म्हणत होतीस, जिने तुझं नाव यादीतून काढलं तिच्यामागोमाग.

काल रविवारी मी कम्युनियनच्या रांगेत उभी राहिले, पुढे दोघीच उरल्या. मी रांगेतून बाहेर पडले नि येऊन बसले. आख्खं देऊळ बघत होतं. सगळ्यांना वाटलं, साखर उतरली. कोणीतरी पर्समधून चॉकलेट काढून माझ्या हातात कोंबलं. नीलिमा घाबरली. घरी आल्यावर तिला म्हटलं, साखर नाही गो, मावशी. तर ती खुर्चीवर बसलीच. म्हणाली, आई, मी दोन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवलीय.

आता ती दुपार. लिलावाच्या आदला दिवस. तू आमच्या पायरीवर आलीस नि हाक मारलीस. नीलिमा बाहेर गेली, नि तिने तुला सांगितलं, ‘आई घरान न्हाय, बाजारान गेलीय.’ लुर्दिन, मी घरात होते. आतल्या खोलीत, कोलंबी सोलत. तुझी चाहूल ऐकली नि मीच तिला खूण केली. सकाळीच मासळीचे पैसे आले होते, इशिताच्या नर्सिंगच्या फीसाठी रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवले होते. तू मागितले असतेस तर मी दिले असते, हे मला माहीत होतं, म्हणून मी बाहेर आले नाही. तू सांगायलाच आली होतीस, लिलाव आहे म्हणून. नि मी जगाला सांगत फिरले की तू कळवलं नाहीस. एवढं मला ठाऊक होतं. नीलिमाने काल सांगितलं ते ठाऊक नव्हतं. तू ‘बरं’ म्हणालीस, नि तुझी नजर पायरीवर गेली. माझ्या बाजाराच्या चपला तिथेच होत्या, एकीचा पट्टा तारेने बांधलेला. एक पालथी पडली होती. तू वाकून ती सरळ केलीस नि निघून गेलीस.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. दोन वर्षं वलांड्यांखाली मी तुझं नाव मळवलं, नि तू एका बाईजवळ एक शब्द काढला नाहीस. काल संध्याकाळी मी फादरांपुढे कुमसार केला, सगळं सांगितलं. त्यांनी क्षमा दिली, पण म्हणाले, जे शब्द तुम्ही आळीत पेरलेत ते आळीतूनच वेचावे लागतील. म्हणून ठरवलंय. येत्या शुक्रवारी पहिलं स्थान नेहमीप्रमाणे आमच्या पायरीवर आहे, जिथे येशूला खोट्या साक्षीवरून शिक्षा देतात. तिथे वाचायला सुरुवात करायच्या आधी मी सगळ्यांना सांगणार आहे की त्या दुपारी मी घरात होते. पाटल्यांचं देणं माझ्याकडून संपलं, ते मनातून आजच काढून टाक, जितेशलाही सांग. सहावं स्थान यादीत पुन्हा तुझ्या नावावर लिहिलंय. दार उघडावंसं वाटलं तर उघड, नाहीतर आम्ही बाहेर उभ्या राहून म्हणू, चणे मी उकडून आणेन. पण माझं बोलणं तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, सगळ्यांच्या आधी तुला, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. शुक्रवारी आलीस तर फक्त एक कर. माझ्या अगदी समोर उभी राहू नकोस, जरा बाजूला राहा, नाहीतर माझ्याच्याने बोलवणार नाही.

तुझीच थोरली,
बेनेदिता