नगरवर सतरा ठिपके

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ५.४०
उठलो. दात घासायच्या आधी नकाशा उघडला. रात्रीत अकरा नवे लाल ठिपके. पूर्व युरोपात सात, सुदानमध्ये तीन, एक चक्क समुद्रात. रजिस्टरला चढवले.
जगात जिथे जिथे लढाई चालू आहे तिथला स्फोट या नकाशावर अर्ध्या तासात उमटतो. मोबाईलवर, फुकट. एवढी सोय असताना आमच्या कॉलनीतले लोक सकाळी उठून प्राणायाम करतात.
जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेला एकही कागद नोंद केल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही. आता सगळं जगच आवकला आलं आहे, एवढाच फरक.
संकल्प: नकाशा दिवसातून दोनदाच. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा.

८.१५
रोहिणी म्हणाली की चहा तिसऱ्यांदा गरम होणार नाही. बायकोला तांबड्या समुद्राचं गांभीर्य नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
आमच्या लीनासाठी स्थळ आलं. मुलगा वॉर्सात इंजिनिअर. चौकशी अर्थातच माझ्याकडे. पूर्वी मुलाच्या गावी माणूस पाठवून, पोस्टमनला, वाण्याला विचारून चौकशी करत. मी नकाशावर अंतर मोजतो. युद्धाची आघाडी मोटारीने फार तर दोन दिवसांच्या रस्त्यावर. नकार.
रोहिणीने आठवण करून दिली की हा चौथा. मस्कतचा मी समुद्रामुळे नाकारला. अंबाल्याचा सीमेमुळे. पुण्याचा मुलगा तिला फार आवडला होता, पण पुण्यात लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे. उद्या काही झालं तर शत्रू पहिल्यांदा कुठे बघेल? हे विचारलं तेव्हा ती उठून गेली.
लीना दूध संघाच्या लॅबमध्ये आहे. अठ्ठावीस पूर्ण. शांत मुलगी. माझ्यावर गेली आहे.

१० ऑगस्ट, रविवार
शेजारचे शमुवेल सर फिरायला बरोबर असतात. चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांची मुलगी सारा आखातात नर्स आहे, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम-क्षेत्रात, पण सरांकडे नकाशा नाही. मी त्यांना रोज परिस्थिती सांगतो. आज सांगितलं की साराच्या हॉस्पिटलपासून एकशे चाळीस किलोमीटरवर ठिपका आहे. ते म्हणाले, काल फोन झाला, तिला नवीन चपला लागतायत, वॉर्डात उभं राहून टाचा दुखतात.
मी ठिपक्याबद्दल बोलत होतो.

१७ ऑगस्ट, रविवार
नवं स्थळ. धवल. मूळचे अकोल्याचे. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला दूध पावडरच्या कारखान्यात. आईवडील सध्या तिकडेच. रोहिणीच्या भावाने अकोल्यात चौकशी केली, माणसं चांगली निघाली. ती जुनी पद्धत झाली. मी नकाशा उघडला.
एकही ठिपका नाही. नकाशा लहान केला. नाही. आणखी लहान केला. नुसता समुद्र. हजारो किलोमीटर काही नाही. पेंग्विन असतील.
तासभर शोधलं. लांब आहे, हे खरं. पण लांब हा निकष मी कधीच लावलेला नाही. तत्त्वाचा माणूस. होकार दिला.
रोहिणी माझ्याकडे बघत राहिली. तिने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार
व्हिडिओ कॉल. मुलगा बरा वाटला. लीना आणि तो दुधातल्या स्निग्धांशावर वीस मिनिटं बोलले. दोघं हसत होते. स्निग्धांशात हसण्यासारखं काय असतं, कळलं नाही.
मी धवलच्या वडिलांना नकाशा समजावून सांगितला. निवृत्त माणूस, वेळ आहे, पण दिशा नाही. लिंक पाठवली. त्यांनी लगेच उघडली. चला, एक माणूस मार्गी लागला.
त्यांचं म्हणणं, गणपती झाले की पितृपंधरवडा लागायच्या आत सुपारी फोडू. लीना मान खाली घालून होती, पण कान लाल झाले होते. हे मी पाहिलं.
संध्याकाळी जेवण गेलं नाही. पोळ्या जाड होत्या.

३ सप्टेंबर, बुधवार
ऐतिहासिक दिवस.
सकाळी दहापासून लष्कराच्या रणगाड्यांच्या रेंजवर गोळाफेक. दारं-खिडक्या थरथरल्या. नगरमध्ये हे नेहमीचं. दूधवाला पुंजाराम त्याच बाजूच्या गावातून येतो, त्याला विचारलं. "सराव हाय, साहेब. आमच्या म्हशी बी मान वर करीत न्हाईत," म्हणाला.
पण आवाज आला, म्हणजे आवक झाली. आवक झाली, म्हणजे नोंद हवी. नकाशावर ‘स्थानिक नोंद करा’ असं बटण आहे, ते मी आजवर दाबलं नव्हतं. प्रकार निवडायचा: हवाई हल्ला, तोफमारा, स्फोट, चकमक. ‘सराव’ हा पर्यायच ठेवलेला नाही. कच्चं काम. मी ‘स्फोट’ निवडून शेऱ्यात मराठीत ‘सराव असावा’ असं लिहिलं.
आता प्रश्न आला की सगळ्या आवाजांची मिळून एक नोंद करावी की काय. आमच्या ऑफिसात एका पाकिटात पाच अर्ज आले तरी पाच नंबर पडत. सतरा आवाज, सतरा नोंदी. दुपारी दीडपर्यंत बसलो होतो.
दोन वाजता मला ‘विश्वासू निरीक्षक’ हा हुद्दा मिळाला. बत्तीस वर्षांत ऑफिसने मला असं काही म्हटलं नव्हतं. रोहिणीला दाखवलं. तिला मोदकांसाठी नारळ हवा होता.

५ सप्टेंबर, शुक्रवार
हॅमिल्टनहून मेसेज. धवलच्या वडिलांचा. शब्दशः उतरवतो: ‘नकाशा पाहिला. नगरवर सतरा ठिपके आणि भोवती लाल वर्तुळ. फार वाईट वाटलं. तिकडची परिस्थिती निवळू द्या, मग सुपारीचं बघू. तोवर लीनाला पुण्याला कुणाकडे तरी हलवा.’
नकाशा उघडला. खरंच, सावेडीपासून केडगावपर्यंत लाल वर्तुळ. ‘सक्रिय संघर्ष.’ माझे शेरे कुठेच दिसत नाहीत.
रोहिणी दोनदा वाचून देवघरात जाऊन बसली. मला वाटलं रडते आहे, म्हणून गेलो नाही. मग चिडलेली आहे असं वाटलं, म्हणूनही गेलो नाही.
घाबरण्याचं कारण नाही. तांत्रिक बाब आहे. अर्ध्या दिवसाचं काम.

७ सप्टेंबर, रविवार
नकाशावाल्यांना ईमेल. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी सुरुवात. मसुदा तीन वेळा केला. इंग्रजीत घालताना थोडा ताठ झाला.
तासाभरात उत्तर, मशीनचं. विश्वासू निरीक्षकाची नोंद विश्वासू निरीक्षकाला रद्द करता येत नाही. दोन स्वतंत्र स्थानिक व्यक्तींनी शांतता असल्याचं कळवावं. मग सात दिवस पडताळणी.
नियम चोख आहे. मीही असाच केला असता.
उद्यापासून पितृपंधरवडा.

९ सप्टेंबर, मंगळवार
स्वतंत्र व्यक्ती मिळत नाहीत. रोहिणी म्हणते ती माझ्यापासून स्वतंत्र असती तर आज इथे नसती. पुंजारामकडे बटणांचा फोन. शमुवेल सर तयार झाले, त्यांच्या फोनवर नकाशा घालून दिला. सरांनी चष्मा लावून कुठलंसं बटण दाबलं. सर निघून गेल्यावर मोजले. अठरा.

१३ सप्टेंबर, शनिवार
आज जे झालं ते नोंदवणं भाग आहे.
लीना लॅबमधून आली. पर्स न ठेवता माझ्यासमोर बसली. म्हणाली, दुपारी हॅमिल्टनला मीच फोन केला, दहा मिनिटांत सगळं सांगितलं: सराव, म्हशी, रजिस्टर. तिचे होणारे सासरे खूप हसले, मग धवलला बोलावून पुन्हा हसले. दसऱ्याला नगरला येतायत, सुपारी इथेच. आता फक्त एवढंच विचारतात की धवलचे सासरेबुवा रोज असेच असतात का.
मी म्हटलं, दहा मिनिटांत? मी इतके दिवस नियमाने पाठपुरावा करत होतो.
मग ती म्हणाली, "बाबा, हॅमिल्टनवर तुम्हाला ठिपका सापडला नाही, म्हणून तुम्ही आपल्या घरावर टाकलात."
आवाज चढवला नाही. वाईट त्याचंच वाटलं.
मी सांगितलं की हा निव्वळ प्रक्रियेचा भाग होता. सतरा आवाज आले, सतरा नोंदी केल्या. ती म्हणाली, रेंजवरचे आवाज मी जन्मल्यापासून ऐकते आहे, तुम्ही आधी कधी नोंद केली नाहीत. यावर माझ्याकडे काही कागद नव्हता.
ती पाणी प्यायला गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

रात्री ९
ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला पोरीला कुठेच पाठवायचं नाही. न्यूझीलंडला नाही, पुण्याला नाही, आमच्या गुलमोहर रोडच्या पलीकडेही नाही. लाज वाटते.
पोळ्या जाड नव्हत्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सुपारी फुटली. धवलच्या वडिलांनी मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं की बंकर कुठे आहे. सगळे हसले. मीही हसलो. बराच वेळ हसलो, असं रोहिणी म्हणते.
नोंदी जुन्या झाल्या म्हणून वर्तुळ कालच आपोआप निघालं. माझा हुद्दाही. नकाशावाल्यांनी कळवण्याची तसदी घेतली नाही.
लग्न नोव्हेंबरच्या शेवटी. हॉल, आचारी, पत्रिका, सगळं रोहिणी आणि लीनाने ठरवलं आहे. माझ्याकडे आहेरांची नोंद दिली.

८ मार्च, रविवार. सकाळी ५.४०
लीनाला हॅमिल्टनला जाऊन तीन आठवडे झाले. विमानतळावर मी ठीक होतो. निवृत्त कर्मचाऱ्याला शोभेल असा वागलो.
नकाशा उघडला. युरोपावर थांबलो नाही, सुदानवरही नाही. थेट हॅमिल्टन. एकही ठिपका नाही. मोठं केलं. नदी दिसते. आणखी मोठं केलं. तिचा रस्ता दिसतो, त्यावर एक पांढरी गाडी उभी आहे. ती कुणाची, कळायला मार्ग नाही. जिथे काही होत नाही तिथलं हा नकाशा काहीच सांगत नाही. बोटाने ढकलत ढकलत तिच्या घराच्या छपरापर्यंत गेलो. त्यापुढे नकाशा मोठा होत नाही.
रोहिणी उठली. मागे येऊन उभी राहिली. काय दिसतंय, विचारलं. मी म्हटलं, सगळं शांत आहे.
मग रडताय कशाला, म्हणाली.
स्क्रीनचा उजेड फार आहे, असं सांगितलं. डोळे दाखवून घ्यायला हवेत. उद्या सोमवार आहे, डॉक्टर असतात.