बारा नंबरला इंजेक्शन दिलेलं नाही

बाई, तुम्ही गेलात तेव्हा वॉर्डात कॉम्प्युटर नव्हता. जाड रजिस्टर होतं, दोरीला बांधलेलं पेन होतं आणि तुमचा हात होता. तो माझ्या गालावर बसला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी बेलवलीहून आलेली, तुमच्या हाताखाली नर्स म्हणून लागून तीन महिने झालेले. थर्मामीटर न लावताच सगळ्या खाटांपुढे ९८.४ लिहून मोकळी झाले आणि सहा नंबरच्या मुलीला तापात झटके आले. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या कानफटात मारलीत. मग दंडाला धरून मला त्या मुलीच्या आईपुढे उभं केलंत आणि म्हणालात, "हिने ताप बघितलाच नव्हता. चूक आमची आहे." त्या बाईने पायातली चप्पल काढून मला मारलं. तुम्ही तिला अडवलं नाहीत. नंतर किचनमध्ये समोर बसवून पेजेची वाटी पुढे सरकवलीत. "खा. उद्या सातला ये." त्या दिवशी मला तुमचा जीव घ्यावासा वाटला होता.

आता मी उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पातल्या एका हॉस्पिटलात इन्चार्ज आहे. पेशंटच्या मनगटावर पट्टी असते, पट्टीवर बारकोड. आधी पट्टी स्कॅन करायची, मग औषध. माणूस आणि औषध जुळलं तर स्क्रीनवर हिरवं येतं, नाही तर लाल होऊन मशीन ओरडतं. शिकवायला माणूस आला तेव्हा मला वाटलं, हे तर बाईंसारखंच आहे, फक्त मारत नाही. पण तीस खाटांना आम्ही दोघी, आणि चालू स्कॅनर एकच, तोही मध्येच बंद पडणारा. म्हणून प्रत्येक पट्टीची एक जादा प्रिंट काढून आम्ही काउंटरला आतून चिकटवली. बसल्या जागी सगळ्यांचं स्कॅन उरकायचं आणि मग ट्रे घेऊन निघायचं. ही युक्ती दुसऱ्या कोणाची नाही, माझी होती.

अकरा आणि बारा नंबरच्या बायकांचं आडनाव एकच. बारा नंबरची जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. पेनिसिलिन चालत नाही, हे तिने भरती होतानाच सांगितलं होतं, कॉम्प्युटरवर टाकलंही होतं. दुपारी चारला माझ्या जोडीची सिस्टर ट्रे घेऊन गेली आणि अकराचं इंजेक्शन बाराला देऊन आली. दोन मिनिटांत बाईचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. शेजारी बसलेला तिचा भाऊ ओरडला, "ए सिस्टर, काय टोचलं हिला? सुई मारली आणि बघ कशी झाली!"

डॉक्टर धावत आले. आमची सिस्टर फुगा दाबून तिला श्वास देतेय आणि भाऊ फोनवर माणसं बोलावतोय. कारखाना समोरच्या गल्लीत. सहा-सात जण बघता बघता वर आले. पहिल्यांदा कॉम्प्युटर फुटला. मग एकाने सिस्टरचे केस धरून तिला खाटेपासून ओढलं आणि तिचं डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं, दोनदा. तो आवाज मी सांगू शकत नाही. फुगा खाली पडला. भावाने डॉक्टरांचा गळा धरलेला, पेशंट निळी पडत चाललेली. माझ्या हाताला ऑक्सिजनच्या सिलेंडरची पान्यासारखी लोखंडी चावी लागली. ती मी भावाच्या तोंडावर घातली. दात तुटल्याचं मला हातात कळलं. तो खाली बसला तरी मी आणखी एकदा मारलं. मग फुगा उचलला आणि दाबत राहिले. पेशंट वाचली. आमच्या सिस्टरला नऊ टाके पडले, एका कानाने तिला अजून ऐकू येत नाही.

पोलीस यायच्या आधी मी काउंटरच्या आतल्या पट्ट्या खरवडून काढल्या, बाथरूममध्ये टाकल्या आणि पाणी सोडलं. नखांत डिंक राहिला होता. चौकशीला कॉम्प्युटरवाल्याने दुसऱ्या मशीनवर सगळी नोंद काढून दाखवली. अकरा नंबर, औषध बरोबर, वेळ बरोबर, हिरवं. "बारा नंबरला इंजेक्शन दिलेलंच नाही. तिला धाप आजारानेच लागली. माणूस खोटं बोलतोय." पोलीस साहेबांनी मला विचारलं, "सिस्टर, स्कॅन खाटेपाशीच केलं होतं ना?" मी "हो" म्हटलं. सिस्टर डोक्याला पट्टी बांधून बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भाऊ जेलमध्ये गेला, जामिनाला दीड महिना लागला. हॉस्पिटलने मला शाल दिली, धैर्याबद्दल. त्याचे दात मी पाडले हे सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.

बाई, त्याने माणसं बोलावून सिस्टरला मार खायला लावला त्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी. पण इंजेक्शनबद्दल त्या वॉर्डात तो एकटाच खरं बोलत होता. आता मी प्रत्येक खाटेपाशी उभं राहून स्कॅन करते, नव्या मुलींनाही करायला लावते. त्यांना वाटतं मी फार कडक आहे.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, माहीत आहे. तरी एक राहिलंय. गेल्या आठवड्यात ती बारा नंबरची बाई आली होती. अंबरनाथहून शेअर रिक्षा बदलत आली, अजून जिना चढताना तिला धाप लागते. पदर सावरून माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, "ताई, भावाला माफ करा. तो उगाच काहीतरी समजून बसला. तुम्ही होतात म्हणून मी जगले."

मी तिचे जोडलेले हात खाली केले आणि म्हटलं, "असू दे."